शहापूरचं गीतरामायण आणि नानांची कॅसेट: एका वादाचा प्रकरण अभ्यास

गेल्या रामनवमीला आमच्या मंडळाने बेळगावच्या शहापुरात देवळाच्या मंडपात गीतरामायण ठेवलं होतं. दरवर्षीच ठेवतो. या वेळी गाणारी नवी होती. बैलहोंगल तालुक्यातली सव्वीस वर्षांची मुलगी, घरची भाषा कन्नड, धारवाडला सहा वर्षं गाणं शिकलेली, आता बेळगावात मुलांना शिकवते. पेटीवर मी होतो. पंधरा गाणी ठरली होती. सुरुवातीची छान रंगली, मध्यावर मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आणि शेवटचं गाणं संपल्यावर सुंठवडा वाटून व्हायच्या आत मंडपात दोन तट पडले.

असले वाद आमच्याकडे नवे नाहीत. कार्यक्रम झाला की चहाच्या टपरीवर तासभर चालतात आणि कपाबरोबर विसळले जातात. या वेळी मात्र आम्ही तो धसाला लावला. रेकॉर्ड लावली, घड्याळ धरलं, ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं त्यांना बोलतं केलं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे. माणसांची नावं देत नाही.

आक्षेप काय होते

आक्षेप घेणारे मुख्य म्हणजे नाना. वय चौऱ्याहत्तर, वडगावात त्यांचे माग होते, ते बंद करून पंधरा वर्षं झाली. गीतरामायणाची छप्पन्नच्या छप्पन्न गाणी त्यांना तोंडपाठ आहेत, आणि नुसते शब्द नव्हेत, तर मधले वाद्यांचे तुकडेसुद्धा. मागाच्या खटखटाटात दिवसभर कॅसेट चालू असायची, असं ते सांगतात. अशा माणसाचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही आणि नेऊही नये.

त्यांचे तीन मुद्दे होते. पहिला, सेतूच्या गाण्याची लय तिने पाडली. वानरं दगड उचलतायत की झोपेत चालतायत तेच कळेना, असं ते म्हणाले. दुसरा, सीता हरीण मागते त्या गाण्यात तिने ठिकठिकाणी छोटे आलाप घातले, शब्द लाडिक केले. बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, असं कुठं म्हटलंय? तिसरा मुद्दा सगळ्यात जड. शेवटच्या गाण्यातलं एक कडवं तिने काही न सांगता कन्नडमधून म्हटलं.

“नवीन करायचं तर स्वतःचं कर की गे बाई,” नाना तिला म्हणाले. “आहे ते कशाला मोडतीस?”

ती उभी राहून म्हणाली, “मोडलं नाही, अज्जा. मला समजलं तसं म्हटलं.”

तिच्या बाजूने आमचा तबलजी आणि संगीत शिकणारी पाच-सहा मुलं. त्यांचं म्हणणं असं की रेकॉर्डसारखंच ऐकायचं असेल तर रेकॉर्डच लावावी, माणसाला कशाला बसवायचं? हे मी पूर्वी खूपदा ऐकलं आहे आणि मला ते पुरेसं वाटत नाही. हुबेहूब म्हणणं हीसुद्धा विद्या आहे. ज्याने कधी कुणाची एक जागा जशीच्या तशी गळ्यातून काढायचा प्रयत्न केला आहे, त्याला तिची किंमत कळते.

कुठल्या ‘मूळ’ची गोष्ट चालली आहे?

वाद पेटला तेव्हा अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. सगळं शहापूर त्यांना अक्काच म्हणतं. १९५५ साली त्या शिकायला पुण्यात मामाकडे होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “हरणाचं गाणं बाबूजींचं नव्हेच. ते माणिकबाईंचं.”

नानांना हे आवडलं नाही. पण अक्का बरोबर होत्या.

गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा. हे एप्रिल १९५६ पर्यंत चाललं. त्या प्रसारणात गाणारे एकटे फडके नव्हते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर. पात्र बदललं की आवाज बदलायचा. सीता बाईच्या आवाजात बोलायची. सगळी गाणी एकट्या फडक्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आली ती नंतर, आणि घराघरांत पोचलं ते हेच रूप. आज कुणी ‘मूळ गीतरामायण’ म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याच्या मनात ही रेकॉर्ड असते.

म्हणजे नानांचं मूळ हे संगीतकाराने स्वतः केलेलं दुसरं रूप होतं. यात फडक्यांचा मोठेपणा कमी होत नाही. चाल त्यांचीच, त्यामुळे त्यांच्या गाण्याला जो अधिकार आहे तो दुसऱ्या कुणाला नाही. पण सीतेच्या गाण्यात बाईच्या गळ्याचा हळवेपणा आला म्हणून ते मुळापासून ढळलं असं म्हणायचं, तर मग मूळ प्रसारणच मुळापासून ढळलेलं ठरेल. अक्कांनी त्या दिवशी दोन वाक्यांत हे सांगितलं. “मी पुण्यात ऐकलं तेव्हा सीता रुसली होती. पोरीची पण रुसली की.”

मला स्वतःला इथे जरा थांबावंसं वाटलं. मी तीस वर्षं पेटी वाजवतो आणि ही गाणी रेकॉर्डवरून बसवत आलो. अक्कांना एकदाही विचारलं नव्हतं.

नानांच्या घरी एक दुपार

लयीचा मुद्दा मात्र उरलाच होता, आणि त्यात नाना ठाम होते. त्यांचं म्हणणं मोजून बघता येण्यासारखं होतं, म्हणून पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही त्यांच्या माडीवर जमलो. नाना, अक्का, ती मुलगी, तबलजी आणि मी. नानांनी आपला टेप काढला. त्यांच्या थोरल्या भावाने १९८३ साली खडेबाजारात कुणाच्या तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली नव्वद मिनिटांची कॅसेट. कव्हरवर निळ्या शाईत भावाचं अक्षर. भाऊ आता नाही.

मी माझा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच गाण्यांची लाँग प्ले तबकडी घेऊन गेलो होतो. आधी प्लेअरच बरोबर फिरतो का ते पाहायचं होतं. त्याची साधी रीत आहे. काळ्या-पांढऱ्या रेघांची एक गोल चकती तबकडीच्या जागी ठेवायची आणि वर चोकवाली जुनी ट्यूबलाइट लावायची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. चकतीवर एकशेऐंशी रेघा असल्या आणि ती मिनिटाला बरोबर सव्वातेहेतीसच्या किंचित वर, म्हणजे तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरत असली, तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. वेग कमी-जास्त असला की त्या मागे-पुढे सरकू लागतात. नव्या एलईडी दिव्याखाली हे नीट दिसत नाही, म्हणून नानांच्या स्वयंपाकघरातली जुनी ट्यूबलाइट सोडवून माडीवर आणली. बटण दाबलं, चकती फिरू लागली, रेघा थोड्या थरथरल्या आणि थांबल्या. अक्का वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “फिरतंय तरी उभं आहे.”

मग तबकडीवर सेतूचं गाणं लावलं. मी पेटीवर षड्ज धरून ठेवला. गाणं संपल्यावर तेच गाणं नानांच्या टेपवर. पहिल्या ओळीलाच पेटी बेसूर झाली. कॅसेट एक पट्टी चढी होती. पांढरी सोडून लगतची काळी दाबली तेव्हा सूर जुळला.

टेपच्या मोटरचा वेग वाढला की स्वर आणि लय दोन्ही एकदम चढतात. एक पट्टी म्हणजे वेगात साधारण सहा टक्क्यांची वाढ. घड्याळाने तेच सांगितलं. रेकॉर्डवर जे एका मिनिटात होतं, ते कॅसेटवर साडेतीन सेकंद आधीच उरकत होतं. भरतानाचा टेप संथ होता की नानांचा जलद आहे हे त्या दुपारी ठरवता आलं नाही, बहुतेक दोन्ही थोडं थोडं. पण चाळीस वर्षं नाना सेतू बांधणारी वानरं जरा जास्तच चपळ ऐकत आले होते.

आणि मुलगी? तिचं त्या दिवशीचं गाणं तबलजीच्या मोबाइलवर होतं. तेही मोजलं. ती रेकॉर्डपेक्षा मिनिटामागे पाच सेकंद संथ होती. म्हणजे नानांच्या कानाला तो फरक आठ-साडेआठ सेकंदांचा लागला असणार. इतका फरक समूहगीताच्या ठेक्यात कुणालाही खटकेल.

हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत. नानांचा माप घ्यायचा गजच लांब होता, हे खरं. पण मुलगी संथ होती, हेही खरं. तिने ते लगेच मान्य केलं. मंडपात घुमत होतं म्हणून शब्द कळावेत यासाठी लय धरून ठेवली, म्हणाली. तबलजी म्हणाला, मीच पुढे नेली नाही. मला विचाराल तर सेतूच्या गाण्यात शब्दांपेक्षा हातापायांची घाई महत्त्वाची आहे, आणि तिथे नानांच्या चुकीच्या कॅसेटने त्यांना गाण्याचा प्राण बरोबर दाखवला होता.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी ऐकलं ते बाबूजींचं नव्हेच?”

“बाबूजींचंच, नाना,” मुलगी म्हणाली. “थोडं घाईत होते.”

तिने हे मनापासून म्हटलं होतं, आणि नानांनाही ते तसंच पोचलं.

त्याच बैठकीत अक्कांनी एक दोष काढला, जो कुणाच्या यादीत नव्हता आणि जो माझ्या मते सगळ्यात रास्त होता. मराठीत च, ज, झ दोन प्रकारे उच्चारले जातात. ‘जन्म’ मधला ज वेगळा आणि ‘जाऊ’ मधला वेगळा. ‘चंद्र’ आणि ‘चाल’ यांचंही तसंच. दुसऱ्या जातीचे उच्चार दातांशी होतात, आणि कन्नडात ते नाहीत. त्यामुळे मुलीचा ‘माझा’ प्रत्येक वेळी ‘माझ्या’च्या अंगाने जात होता. तिचा ळ मात्र इतका स्वच्छ आहे की ऐकत राहावं. तो कन्नडातही आहे ना. लयीवर तासभर भांडलो, पण शब्द हाच ज्या गाण्याचा जीव त्यात शब्द कसा उमटतो हे अक्कांशिवाय कुणी बोललं नव्हतं.

कन्नड कडवं

तिसरा मुद्दा घड्याळाने सुटणारा नव्हता.

गीतरामायणाचे अनेक भाषांत अनुवाद झाले आहेत आणि त्यांत कन्नडही आहे. मुलीने लहानपणी घरी तेच ऐकलं होतं. तिच्या दृष्टीने तिने दोन आठवणी एकत्र आणल्या. मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांना मात्र छातीत कळ आल्यासारखं झालं, आणि त्याचं कारण गाण्यात शोधून सापडणार नाही.

गीतरामायण सुरू झालं आणि संपलं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. शेवटचं गाणं झाल्यावर सहा-सात महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ साली आमच्या शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात नानांच्या पिढीने काही गोष्टी होत्या तशा सांभाळल्या. वाचनालयं, नाटकं, गणपतीतले मेळे, आणि मागाशेजारी चालणारी ती कॅसेट. बाहेरचं बदलत गेलं तसतसं घरातलं न बदलणं त्यांना जिवाचं झालं. पुण्यात कुणी गीतरामायण वेगळ्या ढंगात म्हटलं तर तो आवडीनिवडीचा प्रश्न असतो. आमच्याकडे ‘मूळ’ या शब्दावर आणखी एक ओझं आहे, आणि ते समजून न घेता नानांना जुन्या वळणाचे म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

माडीवर हे बोलणं निघालं तेव्हा मुलगी म्हणाली, “अज्जा, बाबूजी आणि वसंतराव ‘कानडा राजा पंढरीचा’ म्हणतात तेव्हा तुम्ही टाळ वाजवता. विठ्ठल कानडा चालतो, मग माझं एक कडवं का नको?”

नाना लगेच म्हणाले, “विठ्ठल आम्ही बोलावला, बाई. कानडी पाट्या आम्ही बोलावल्या नाहीत.”

यावर कुणीच काही बोललं नाही. नानांच्या सुनेने चहा आणि कुंदा आणून ठेवला.

माझं मत मी तिथेच सांगितलं. कन्नडात म्हणणं ही चूक नव्हती. न सांगता म्हणणं ही चूक होती, आणि ती तिच्याइतकीच आम्हा आयोजकांची होती, कारण तालमीत मी ते कडवं ऐकलं होतं आणि गप्प बसलो होतो. तबलजीने कुमार गंधर्वांचं उदाहरण दिलं, ते मला फार लागू वाटलं. कुमारजी आमच्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब म्हणून दाखवायचे, त्यावर नाव झालं. पुढे देवधर मास्तरांकडे शिकले, स्वतःचं गाणं घडवलं, आणि बालगंधर्वांची पदं गायला बसले तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातल्या ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत पुढचं सगळं आधीच सांगून टाकलं आहे. बालगंधर्वांसारखं ऐकायला मिळेल असं वचन त्यांनी कुणाला दिलंच नाही, त्यामुळे फसल्यासारखं वाटायचा प्रश्न नव्हता. आणि हुबेहूब गाण्याची पायरी त्यांनी आधी चढलेली होती.

रेकॉर्डिंगचं काय

तबलजीला हा कार्यक्रम रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचा होता. देवळातला विनातिकीट हौशी कार्यक्रम वेगळा. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ त्याला मोकळीक देतं. रेकॉर्डिंगला ती लागू नाही. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात, म्हणजे शब्दांचे २०३७ अखेर आणि चालींचे २०६२ अखेरपर्यंत. दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची वाट २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३१सी कलमात आहे. पहिल्या रेकॉर्डिंगला पाच वर्षं होऊन गेलेली हवीत, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र कव्हरवर लावता येत नाही, आणि हे पुन्हा गायलेलं आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे फेरफार करायचा तर हक्कधारकाची संमती लागते. रॉयल्टी निदान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने भरायची असते, म्हणून आमच्यासारख्या मंडळाला ते झेपणारं नाही. कन्नड कडव्याला अनुवादकाचा हक्क आणखी वेगळा. आम्ही तो विचार सोडला.

कॅसेटच्या जमान्यात, १९८० नंतर, स्वस्तातल्या पुन्हा गायलेल्या गाण्यांचा पूर आला होता. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी काही हिंदी गाणी वर्षानुवर्षं दुसऱ्याच आवाजात ऐकली आणि तीच पहिली समजली. स्पष्ट लिहिण्याची अट मला म्हणून फार योग्य वाटते.

पुढे काय केलं

श्रावणात वडगावात एका घरी चाळीस-पन्नास माणसांपुढे तिचं गाणं पुन्हा ठेवलं. प्रत्येक गाण्याआधी निवेदन मी केलं. पहिल्यांदा रेडिओवर कुणी म्हटलं होतं, रेकॉर्डवर कुणी म्हटलं, आणि आज ही काय वेगळं करणार आहे. सेतूचं गाणं तिने रेकॉर्डच्या लयीत म्हटलं. मी म्हणेन थोडं पुढेच. हरणाच्या गाण्यातले आलाप तिने काढले नाहीत, पण पाचाचे दोन केले, आणि ते दोन आता नेमक्या जागी बसतात. शेवटी मी सांगितलं की यापुढचं एक कडवं कन्नडात आहे, तिने घरी असं ऐकलं होतं.

नाना उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कडवं संपून मराठी ध्रुवपद आलं तसे आत आले आणि आपल्या जागी बसले. जाण्या-येण्याचा त्यांनी आवाज होऊ दिला नाही. मुलीने ते पाहिलं होतं. कार्यक्रमानंतर ती त्यांच्या पाया पडली, त्यांनी तिला “माझा नीट आला आज” एवढंच म्हटलं. दर बुधवारी ती अक्कांकडे जात होती, जीभ दाताला कुठे लावायची ते शिकायला.

गणपतीच्या आधी मी नानांना म्हटलं, टेप द्या, मोटरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून वेग जागेवर आणून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांनी टेपवरचं फडकं काढलं, कव्हरवरचं भावाचं अक्षर एकदा बघितलं आणि फडकं परत घातलं.

“राहू दे,” म्हणाले. “रेकॉर्ड ऐकायची झाली की तुझ्याकडे येतो.”